पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की नक्कलच होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. '1930 चा सोलापूरचा मार्शल लॉ' (म्हणजे लष्करी अंमल) यावर 20 पानांचा हस्तलिखित प्रकल्प तिला पाच आठवड्यांत द्यायचा आहे. तिने दोन पुस्तकं तीन-तीनदा वाचली आणि चार पानं लिहून दाखवली. सरांनी वर 'नक्कल' असा शेरा मारून ती परत दिली. ती लिहिते, "मी मुद्दाम उतरवत नाही. लिहायला बसलं की पुस्तकातलंच वाक्य हातातून उतरतं. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझं मराठी कच्चं आहे. म्हणून असं होतं का?"

नाही, म्हणून होत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात त्यांच्या प्रकल्पांतही हीच चार पानं सापडतात. खरं कारण तुमच्याच शब्दांत आहे: 'हातातून उतरतं'. डावीकडे पुस्तक उघडं, उजवीकडे फुलस्केप, नजर एकदा इकडे, एकदा तिकडे. अशा बैठकीत डोळ्यांनी टिपलेलं वाक्य हाताकडे जाताना वाटेत कुठे थांबतच नाही. वाचणं आणि लिहिणं या दोन कामांच्या मध्ये एक पायरी असते, ती तुमच्याकडून गाळली गेली आहे. ती पायरी म्हणजे पुस्तक मिटणं. पुढे मी बरंच काही सांगणार आहे, पण ते सगळं या एकाच गोष्टीला धरून आहे.

आधी नक्कल म्हणजे काय ते नीट पाहू, कारण बहुतेकांना वाटतं की शब्द बदलले की नक्कल राहत नाही. एखाद्या पुस्तकात असं वाक्य आहे असं धरा (हे मी उदाहरणासाठी रचलं आहे): 'महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता शहरात येऊन धडकताच जनतेत संतापाची तीव्र लाट उसळली व संपूर्ण बाजारपेठ कडकडीत बंद ठेवण्यात आली.' पुस्तक उघडं ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहिलं की ते असं होतं: 'महात्मा गांधींच्या अटकेची बातमी शहरात पोचताच लोकांत रागाची मोठी लाट आली आणि सगळी बाजारपेठ पूर्ण बंद ठेवली गेली.' वार्तेची बातमी झाली, संतापाचा राग झाला, पण सांगाडा तोच राहिला. आधी अटक, मग लाट, मग बाजारपेठ, हा क्रमही तोच. सरांनी शेरा मारला तो यालाच.

आता पुस्तक मिटून, थोडा वेळ जाऊ देऊन लिहिलेलं वाक्य बघा: 'गांधीजींना 4 मे 1930 च्या मध्यरात्रीनंतर अटक झाली. ती बातमी आल्यावर सोलापूरचा बाजार बंद झाला. बंद फक्त व्यापाऱ्यांनी पाळला की गिरणी कामगारही त्यात होते, हे या पुस्तकात या ठिकाणी स्पष्ट होत नाही.' यातलं मराठी पहिल्यापेक्षा साधं आहे, लाट वगैरे काही नाही. पण इथे लिहिणाऱ्याने तारीख स्वतः शोधून जोडली आणि एक शंकाही काढली. ही शंका पुस्तक उघडं असताना सुचत नाही. वाक्य समोर आयतं तयार दिसत असलं की त्यात काय नाही याकडे लक्ष जात नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमच्या महाविद्यालयाने प्रकल्पाचा नमुना दिला असेल तर पानांची रचना, समास, संदर्भ लिहिण्याची पद्धत त्यातलीच पाळा, माझी नको. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्‌मयचौर्याबद्दलचे नियम मुख्यतः प्रबंध आणि संशोधनलेखांसाठी आहेत. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. बी.ए.च्या हस्तलिखित प्रकल्पाला मात्र असा टक्का कुणी मोजत नाही, तिथे सरांचा वाचनाचा अनुभवच मोजमाप असतो. तिसरी गोष्ट वेळेची. कॉलेज सांभाळून तुम्ही दुकानात काम करत असाल किंवा घरी विड्या वळायला हात लावत असाल, तर रोज दोन तास मिळणार नाहीत. रोजचा सलग पाऊण तास मिळाला तरी पुढची पद्धत चालते. आठवड्यातून एकदा सहा तास बसून मात्र चालत नाही. का, ते आता सांगते.

तुम्ही पुस्तक तीनदा वाचलंत आणि तरी आठवत नाही, यात तुमची बुद्धी कमी पडलेली नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं झालं म्हणजे आपल्याला आलं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावर एक स्वच्छ प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचव्यांदा वाचल्यावर जो आत्मविश्वास येतो, तो त्या पाच मिनिटांचा असतो. प्रकल्प पाच आठवडे चालणार आहे, तेव्हा तुम्हाला आठवडाभर टिकणारं हवं.

म्हणून वाचायचं असं. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका. प्रकरणाचं शीर्षक, उपशीर्षकं, पहिला आणि शेवटचा परिच्छेद एवढंच वाचा आणि एका कागदावर तीन प्रश्न लिहा. 'मार्शल लॉ म्हणजे काय?' असा सगळ्यांचा प्रश्न नको. 'पोलीस असताना लष्कर का आणावं लागलं?' असा या प्रकरणाचा प्रश्न हवा. दुसऱ्या वाचनात दोन ते तीन पानांचा तुकडा घ्या, जास्त नको. तो सावकाश वाचा, पुस्तक मिटा, दुसऱ्या खोलीत ठेवलंत तर उत्तम. पाच मिनिटं जे आठवेल ते तुटक शब्दांत लिहा. मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं व चुकलेलं दुसऱ्या शाईने भरा. निळ्यात जे आहे ते तुमचं झालेलं, लालमध्ये जे आलं ते अजून पुस्तकाचं. दुसऱ्या दिवशी बसलात की आधी लालवर हात ठेवून ते आठवायचा प्रयत्न करा, मग पुढचा तुकडा घ्या.

यात चुकतं कुठे, तेही सांगते. पहिलं म्हणजे एका बैठकीत तीस पानं वाचून मग पुस्तक मिटलं जातं. तेव्हा फक्त सुरुवात आणि शेवट आठवतो आणि मन खट्टू होतं. दुसरं, तारीख आठवेना म्हणून मध्येच पुस्तक उघडलं जातं. उघडलेलं पुस्तक मग पुन्हा मिटत नाही. तारखेच्या जागी रेघ ओढा आणि पुढे जा. तिसरी अडचण हुशार मुलांची असते. ज्यांचं पाठांतर चांगलं त्यांना पुस्तक मिटूनही वाक्य जसंच्या तसं आठवतं. तुमच्याबाबतीत हेच होत असण्याची शक्यता आहे, कारण तुम्ही तीनदा वाचलं आहे.

या तिसऱ्या अडचणीवर तुमच्याकडे एक उपाय आहे, जो मराठी घरातल्या मुलीकडे नाही. वाचलेला तुकडा आईला किंवा आजीला तेलुगूत सांगा. बाजारात काय झालं, गोळीबार का झाला, लष्कर कधी आलं, घरात सांगतो तसं. फोनवर ते रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता फक्त ते रेकॉर्डिंग ऐका आणि त्यावरून मराठीत लिहा. तेलुगूतून मराठीत आणलेलं वाक्य पुस्तकातल्या वाक्यासारखं होणं जवळजवळ अशक्य आहे, कारण पुस्तकाचा सांगाडा मध्येच मोडून पडलेला असतो. आणखी एक फायदा होतो. ऐकणारं माणूस अडवतं. आजी विचारते, "मग ते मिलवाले काय करत होते?" आणि तुमच्या लक्षात येतं की ते आपल्याला माहीत नाही. तो प्रश्न तुमच्या पुढच्या वाचनाचा. 'मार्शल लॉ', 'जमावबंदी' असे शब्द तेलुगूत सुचले नाहीत तर मराठीच ठेवा, त्याने बिघडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी असणारी मुलं हजारोंनी आहेत. घरची भाषा ही अभ्यासातली अडचण आहे असं त्यांना लहानपणापासून ऐकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. लिहिण्याच्या कामात ती सरळसरळ मदत करते.

आता विषयाबद्दल. 'सोलापूरचा मार्शल लॉ' हा 20 पानांसाठी फार मोठा विषय आहे, आणि मोठा विषयही नक्कल करायला लावतो. सगळंच सांगायचं ठरवलं की दुसऱ्याने सांगितलेलं आखडून लिहिण्याखेरीज काही करता येत नाही. विषयाचं शीर्षक तेच ठेवा, पण आत एकच प्रश्न धरा आणि तो सरांना आधी दाखवून घ्या. उदाहरणार्थ, 8 मेचा गोळीबार आणि 12 मे रोजी पुकारलेला मार्शल लॉ, या मधल्या दिवसांत शहर कोण चालवत होतं? किंवा, 12 मे ते 30 जून 1930 या काळात साध्या माणसाच्या रोजच्या जगण्यावर कोणते निर्बंध आले? किंवा, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, त्यांची आठवण आजचं शहर कशी जपतं?

मला विचाराल तर तिसरा प्रश्न घ्या. त्यासाठी तुम्हाला स्वतः बाहेर पडावं लागेल, आणि जे तुम्ही स्वतः पाहिलं ते कुठल्याच पुस्तकातून उतरवता येत नाही. चार हुतात्मा पुतळ्यांच्या चौकात वही घेऊन अर्धा तास उभ्या राहा. फलकावर काय लिहिलं आहे ते अक्षरशः उतरवा, अवतरणचिन्हांत. कोणत्या भाषेत आहे, नावं कोणत्या क्रमाने आहेत, तारखा आहेत का, हे टिपा. मग हुतात्म्यांच्या नावाने शहरात काय काय आहे त्याची यादी करा: बाग, स्मृतिमंदिर, रस्ते. आजूबाजूच्या पाच जणांना एकच प्रश्न विचारा, 'हे चौघे कोण होते?' आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. वय आणि व्यवसाय टिपा, नाव नको. पाच उत्तरांवरून 'सोलापूरकरांना माहीत नाही' किंवा 'माहीत आहे' असा निष्कर्ष काढू नका. 'मी विचारलेल्या पाचांपैकी दोघांना तीन नावं सांगता आली' एवढंच लिहा. आणखी एक निरीक्षण तुमच्या कामाचं ठरेल. 12 जानेवारी हा दिवस सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीच्या दिवसांत येतो. यात्रेने भरलेल्या शहरात तो दिवस कसा पाळला जातो, हे जुन्या वर्तमानपत्रांच्या जानेवारीतल्या अंकांत शोधता येईल.

नावांची एक खबरदारी. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे एकाच व्यक्तीचं नाव आहे. मध्ये चुकून स्वल्पविराम पडला की चारांचे पाच होतात, आणि उतरवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. परीक्षकाच्या लगेच येतं.

साधनं कुठे मिळतील? महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय इथून सुरुवात करा. ग्रंथपालांना 'मार्शल लॉवर काही आहे का' असं विचारू नका, तुमचा नेमका प्रश्न सांगा. ते तुम्हाला स्मरणिका, चरित्रं, शताब्दी विशेषांक अशा गोष्टी काढून देतील, ज्या यादीत 'मार्शल लॉ' या नावाखाली सापडत नाहीत. जिल्ह्याचं गॅझेटिअर जरूर पाहा, पण कोणतं ते बघून. 1884 सालच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये 1930 ची घटना असणं शक्यच नाही. त्यात शहराच्या पेठा, वस्ती, व्यापार यांची माहिती मिळेल. 1977 च्या सुधारित गॅझेटिअरमध्ये स्वातंत्र्यलढ्याचा भाग बघा. दोन्ही इंग्रजीत आहेत. इंग्रजी वाचून मराठीत लिहिताना नक्कल होत नाही असा गैरसमज आहे. वाक्यामागून वाक्य भाषांतर केलं तर तीही नक्कलच असते. पद्धत तीच, दोन पानं वाचायची आणि मिटायचं.

एक वाक्य तुम्हाला जिथे तिथे भेटेल: 'सोलापूर देशाच्या आधी तीन दिवस स्वतंत्र होतं.' 9, 10 आणि 11 मे या दिवसांबद्दल ते म्हटलं जातं. सोलापूरकराला अभिमान वाटावा असंच ते आहे, आणि ते गाळा असं मी म्हणणार नाही. पण प्रकल्पात ते तसंच टाकू नका, फोडून बघा. 'स्वतंत्र' म्हणजे नेमकं काय? पोलीस चौक्या सोडून गेले होते? रहदारी, बाजार, सुरक्षितता कुणी पाहिली? कुणी सांगितलं आहे, तेव्हाच्या माणसाने की पन्नास वर्षांनी भाषण करणाऱ्याने? मग लिहा: 'या तीन दिवसांत शहरात ब्रिटिश प्रशासनाचा अंमल उरला नव्हता, असं अमुक लेखक म्हणतात. कारभार कोण पाहत होतं याबद्दल ते अशी माहिती देतात.' दोन पुस्तकांत आकडे जुळले नाहीत, जखमींचे किंवा मृतांचे, तर एक निवडून दुसरा लपवू नका. दोन्ही द्या, कोणाचा कोणता ते सांगा, आणि तुम्हाला कोणता पटतो व का, ते एका वाक्यात लिहा. अशा दोन-तीन जागा प्रकल्पात असल्या की तो कुठून उतरवला आहे असं म्हणायची सोयच राहत नाही.

टिपणांसाठी वही वापरू नका. फुलस्केपचे चार तुकडे करा, एका तुकड्यावर एकच गोष्ट. वर डाव्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, हे आधी लिहायचं, मग मजकूर. उलट क्रमाने केलं तर पान क्रमांक राहतो, आणि शेवटच्या आठवड्यात त्या एका आकड्यासाठी पुन्हा वाचनालयात जावं लागतं. मजकूर तीन प्रकारचा असेल. तुमच्या शब्दांतली माहिती साधी लिहा. पुस्तकातलं जसंच्या तसं वाक्य घेतलंत तर त्याला त्याच क्षणी अवतरणचिन्ह घाला, नंतर घालू असं म्हणू नका, कारण दोन आठवड्यांनी ते वाक्य तुमचंच वाटू लागतं. बरीचशी 'न कळत' झालेली नक्कल इथेच जन्मते. तुमची स्वतःची शंका किंवा विचार असेल तर वर 'मी' असं लिहून गोल करा.

किती तुकडे लागतील याचा हिशोब सोपा आहे. 20 पानांतून मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची अशी चार पानं वजा केली की 16 उरतात. हाताने लिहिलेल्या फुलस्केपवर साधारण 200 शब्द बसतात, म्हणजे 3200 शब्द. एक परिच्छेद 100 शब्दांचा धरला तर 32 परिच्छेद, आणि परिच्छेदाला दोन तुकडे धरले तर 60-65 तुकडे. यातले किमान दहा 'मी'चे असावेत. ते दहा झाले नाहीत तर लिहायला बसू नका, अजून वाचायचं किंवा बाहेर जायचं बाकी आहे.

लिहिताना पुस्तकं पिशवीत, आणि टेबलावर किंवा जमिनीवर फक्त तुकडे. ते पसरा, जवळचे जवळ ठेवा, ढीग करा. एक ढीग म्हणजे एक परिच्छेद. ढिगातले तुकडे एकदा वाचा, पालथे घाला आणि परिच्छेद लिहा. पहिलं वाक्य असं हवं की ज्याला 'कशावरून?' असं विचारता येईल, आणि पुढची वाक्यं त्याचं उत्तर असावीत. 'हुतात्म्यांची आठवण शहरात पुतळ्यांपेक्षा नावांत जास्त आहे' हे पहिलं वाक्य चालेल. 'सोलापूर हे एक ऐतिहासिक शहर आहे' हे चालणार नाही, त्यावर कुणी काही विचारूच शकत नाही.

भाषेबद्दल तुम्ही धास्तावलेल्या आहात, म्हणून तिथे थोडं थांबते. पहिल्या कच्च्या लेखनात व्याकरण बघूच नका. ते झाल्यावर फक्त दोन चुकांसाठी दोन वेगळी वाचनं करा.

पहिलं वाचन 'ने' आणि 'नी'साठी. मराठीत भूतकाळात कर्म असलं की क्रियापद बहुधा कर्माकडे बघतं: मी लेख वाचला, मी वही वाचली, मी पुस्तक वाचलं. तेलुगूत तसं नाही. 'नेनु पुस्तकम् चदिवानु' यातलं क्रियापद 'मी'शीच बांधलेलं आहे. कानडीतही तसंच. म्हणून आपल्या सोलापुरात मराठी घरांतही 'पोलीस गोळीबार केले', 'कामगार संप केले' असं सर्रास बोललं जातं. बोलण्यात ते आपलं आहे, ते सोडायचं कारण नाही. प्रकल्पात मात्र 'पोलिसांनी गोळीबार केला', 'कामगारांनी संप केला', 'सरकारने मार्शल लॉ पुकारला' असं हवं. पेन्सिलीने प्रत्येक केला-केली-केले, दिला-दिली-दिले यांना गोल करा आणि विचारा: कुणी? त्याला ने किंवा नी लागलं आहे का? काय केलं? ते क्रियापदाशी जुळतं का?

दुसरं वाचन लिंगासाठी. तेलुगूत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखा 'तो' आणि 'ती' असा भेद नाही, तेव्हा हे अंदाजाने येत नाही, पाठच करावं लागतं. पण सगळी मराठी पाठ करायची नाहीये, तुमच्या प्रकल्पात पुन्हा पुन्हा येणारी तीसेक नामं पुरेत. ती अटक, ती शिक्षा, ती फाशी, ती मिरवणूक, ती जमावबंदी. तो संप, तो गोळीबार, तो हुकूम, तो दंड. ते लष्कर, ते न्यायालय, ते वर्तमानपत्र, ते निशाण. ही यादी एका कागदावर करून समोर चिकटवा. या दोन वाचनांत तुमच्या बहुतेक चुका निघतील. ऱ्हस्व-दीर्घ शंकेचं असेल तर शब्दकोश बघा आणि तोच शब्द सगळीकडे एकसारखा लिहा.

आणि मोठे शब्द आणू नका. 'संतापाची लाट उसळली', 'प्राणांची आहुती दिली' अशा तयार वाक्यांत लिहिणाऱ्याला काय माहीत आहे ते दिसत नाही. चौघांना कोणत्या दिवशी, कुठे फाशी दिली हे साध्या वाक्यात लिहिलं तर ते जास्त भिडतं.

आजकाल मोबाइलवर प्रश्न टाकला की तयार परिच्छेद मिळतो. तो वहीत उतरवणं ही नक्कलच, वर त्यातल्या तारखा आणि नावं चुकलेली असू शकतात, आणि कोणत्या पानावरून घेतलं हे तुम्हाला सांगता येत नाही. कठीण इंग्रजी वाक्याचा अर्थ समजून घ्यायला वापरा, तारखेसाठी नको.

पाच आठवड्यांची वाटणी मी अशी करेन. पहिल्या आठवड्यात प्रश्न ठरवणं, सरांची संमती आणि रोज पुस्तकातले दोन-तीन पानांचे दोन भाग वाचन. दुसऱ्यात वाचन चालू ठेवून चौकाला भेट आणि माणसांशी बोलणं. तिसऱ्याच्या सुरुवातीला तुकड्यांचे ढीग, मग रोज तीन परिच्छेद, म्हणजे चौथ्याच्या मध्यापर्यंत कच्चं लेखन होतं. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावू नका, मग भाषेची दोन वाचनं. पाचवा आठवडा पक्क्या प्रतीसाठी, दिवसाला तीन-चार पानं, त्याहून जास्त लिहिलं की अक्षर बिघडतं आणि ओळी गळतात. शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवा. वीज जाते, पाहुणे येतात, आणि बाइंडिंगच्या दुकानात त्या आठवड्यात सगळ्या वर्गाची रांग असते.

तोंडी परीक्षेची वेगळी तयारी लागणार नाही. परीक्षक बहुधा दोनच गोष्टी विचारतात: हे कुठून घेतलं, आणि हे तुम्हाला का पटलं. पहिल्याचं उत्तर तुकड्याच्या डाव्या कोपऱ्यात आहे, दुसऱ्याचं 'मी'च्या तुकड्यांत. ते तुकडे सोबत घेऊन जा.

राहिली ती परत आलेली चार पानं. ती फाडू नका. प्रत्येक वाक्यासमोर ते कोणत्या पुस्तकातून, कोणत्या पानावरून आलं ते समासात लिहा. तुम्ही तीनदा वाचलं आहे, तेव्हा हे शोधायला एक संध्याकाळ पुरेल. मग एकेका वाक्यातली माहिती तुकड्यावर घ्या, पान क्रमांकासकट. चार पानांतून पंधरा-वीस तुकडे सहज निघतील, म्हणजे लागणाऱ्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश. पुढच्या वेळी सरांकडे जाताना नवीन पानं नेऊ नका, हे तुकडे आणि तुमचा ठरवलेला प्रश्न घेऊन जा.